पाटी नसलेलं टायपिंगचं दुकान, नागाळा पार्क: पाचपैकी चार

दुकानाला नाव नाही. शटरवर तेलरंगानं 'झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाईन फॉर्म' एवढंच लिहिलंय आणि त्यातल्या 'फॉर्म'चा रफार उडालाय. कलेक्टर ऑफिसच्या मागच्या अंगाला, नागाळा पार्कातल्या एका गल्लीत. विचारायचं झालं तर 'टायपिस्ट काका कुठं बसतात' असं विचारा, शहाळ्यावालासुद्धा हात करून दाखवतो.

लोक इथं उत्पन्नाच्या दाखल्याला येतात, प्रतिज्ञापत्राला येतात, पोराच्या शाळेच्या फॉर्मला येतात. माझं काम निराळं होतं. कचरा डेपोला लागलेली आग आणि तिच्या मागोमाग ओढ्याला आलेलं काळं पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं होतं. असल्या कामाला कुठल्या दुकानात जायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगतोय. जरा लांबलंय, वैरण टाकून झाल्यावर वाचा.

आधीच सांगतो, डेपो कुणाचा, ठेकेदार कोण, आमचं गाव कुठलं हे इथं लिहिणार नाही. दुकानाचा रिव्ह्यू आहे, भांडण जिथं मांडायचं तिथं मांडलंय. कोल्हापूरपासून मोटरसायकलीनं अर्धा तास, एवढं बास. घरात नऊ म्हशी. डेपो चढाला, मधे उसाची दोन रानं, मग ओढा, ओढ्याकाठी आमची विहीर आणि गोठा.

२१ एप्रिल २०२४, रविवार. रात्री पावणेबाराला आबांनी हाक मारली. उसाच्या वर आभाळ तांबडं झालेलं. सकाळी बघतोय तर धूर वर जायलाच तयार नाही, दुलई पांघरावी तसा रानावर पडून राहिलेला. दोन रेडकं ठसकत होती. बंब आले, दिवसभर पाणी मारलं. त्यातला एक जवान माझ्याकडनं पाण्याचा तांब्या घेत म्हणाला, "पावणं, वरनं विझलीया, आत धुमसतीया." त्यानंच समजावून सांगितलं. ओला कचरा वर्षानुवर्षं दाबला गेला, हवा मिळाली नाही की आत कुजून वायू धरतो, त्यातला निम्मा जवळपास मिथेन. गोबरगॅसची टाकीच म्हणायची, फक्त झाकण नसलेली. वरनं कितीही पाणी मारा, खालच्या थरात पोचत नाही. पोकलेन लावून ढीग फोडायचा आणि माती टाकून दडपायचा, हाच उपाय.

आणि मारलेलं पाणी जाणार कुठं? सोमवारी संध्याकाळी ते ढिगातनं पाझरून, सगळा कुजका रस घेऊन ओढ्याला उतरलं. काळंभोर, वर फेस, कडंला तेलाचा तवंग. आमची एक म्हैस पाणी दिसलं की दावं तोडून पळती. ती काठावर उभी राहिली, नाक फुरफुरलं आणि माघारी फिरली. म्हशीनं पाण्याला पाठ दाखवलेली मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

मंगळवारी चैत्री पौर्णिमा, निम्मा जिल्हा जोतिबाच्या डोंगरावर गुलालात. वर लोकसभेची निवडणूक, आमच्याकडचं मतदान ७ मेला, त्यामुळं ज्या साहेबाला विचारावं तो ट्रेनिंगला. डेपो ज्यांचा त्या कार्यालयात फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "आग विझली की ओ, आता काय?" त्या रात्री मी हातानं दोन पानं लिहिली. बी.कॉम. झालोय, लिहायला काय. 'झोपी गेलेल्या प्रशासनाला जाग कधी येणार' इथनं सुरुवात आणि 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' इथं शेवट. मधे भ्रष्ट, बेजबाबदार, विषारी, जीवघेणा. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, भारी झालंय. मलाही तसंच वाटलं.

बुधवारी सकाळी साडेदहाला ती दोन पानं घेऊन काकांच्या पुढ्यात बसलो. काका पासष्टीचे असावेत. चष्म्याला दोरी, शर्टाच्या खिशात तांबडं पेन, हातात लाकडी फूटपट्टी. फूटपट्टी ओळीखाली धरून ते वाचतात. वाचताना ओठ हलतात, चेहरा हलत नाही. दोन्ही पानं वाचली आणि पहिला प्रश्न:

"आग किती वाजता दिसली?"

मी म्हटलं, रात्री.

"रात्र बारा तासांची असते."

पावणेबारा म्हटल्यावर त्यांनी समासात लिहिलं, ११.४५. मग विचारलं, पहिल्यांदा कुणी बघितली, कुठनं बघितली. बंब किती वाजता आला, किती आले. काळं पाणी कधी दिसलं. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. मग फूटपट्टी 'विषारी वायू'वर थांबली.

"मोजला?"

"मोजला नाही, पण डोळे चुरचुरत होते."

"मग डोळे चुरचुरत होते असं लिहायचं. किती जणांचे?"

घरातले पाच, शेजारचे तीन. 'आठ जणांचे डोळे चुरचुरत होते, त्यापैकी दोन लहान मुले.' माझं विषारी गेलं, त्याजागी हे आलं. भ्रष्ट गेलं. बेजबाबदार गेलं. 'झोपी गेलेल्या प्रशासनाला' यावर काकांनी फूटपट्टी आडवी ठेवली आणि म्हणाले, "हे कुठल्या कलमात बसतं?" खरं सांगतो, तेव्हा राग आला होता. तीस रुपये पानाला देऊन आपलंच लिहिलेलं खोडून घ्यायचं म्हणजे काय. उठून जाणार होतो.

तेवढ्यात त्यांनी वारा विचारला. वारा होता, मी म्हटलं. होता म्हणजे कुठनं कुठं? मला सांगता येईना. आबांना फोन लावला. आबांनी एक क्षण न घेता सांगितलं, देवळाचा भगवा आपल्या घराकडं फडफडत होता. काकांनी टाईप केलं: 'वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे डेपोकडून वस्तीकडे वाहत होता.' आणि माझ्याकडं बघून पहिल्यांदा जरा हसले. ज्या माणसानं पन्नास वर्षं वाऱ्याकडं बघून मळणी केली त्याची साक्ष अर्जात आली होती, आणि माझ्या दोन पानांत ती नव्हती.

मग त्यांनी टेबलाखालनं एक प्लास्टिकची फाईल काढली. तेलाचे डाग पडलेली, कडा पिवळ्या. आत घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ची छापील प्रत, तेव्हा हेच नियम लागू होते. नियम २५ ला त्यांनी तांबडी चौकट केलेली होती. कचरा प्रक्रिया केंद्रात किंवा भरावभूमीवर, म्हणजे कचरा टाकून गाडायच्या जागेवर, अपघात झाला तर तिथल्या प्रभारी अधिकाऱ्यानं स्थानिक स्वराज्य संस्थेला नमुना ६ मध्ये कळवायचं, आणि संस्थेनं तो बघून पुढच्या सूचना द्यायच्या. नमुना ६ चे रकाने असे: अपघाताची तारीख आणि वेळ, अपघात होईपर्यंतचा घटनाक्रम, कुठला कचरा सापडला, माणसांवर आणि पर्यावरणावर काय परिणाम झाला, तातडीनं काय केलं, परिणाम कमी करायला काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं.

"हा नमुना त्यांनी भरायचा," काका म्हणाले. "तुम्ही नाही. पण तुमचा अर्ज आपण ह्याच क्रमानं लिहायचा. साहेबानं दोन्ही कागद शेजारी ठेवले की रकान्याला रकाना लागतो. कुठं जुळत नाही ते त्याला शोधावं लागत नाही."

या एका गोष्टीसाठी मी चार स्टार देतोय. बाकी टायपिंग कुणीही करतं.

मग आम्ही रकान्या-रकान्यानं गेलो. घटनाक्रमाला पाऊण तास लागला. कुठला कचरा जळाला याला मी म्हटलं सगळाच, दवाखान्याचासुद्धा असणार. काकांनी माझ्या मोबाईलवरचे फोटो एकेक करून बोटांनी मोठे करून बघितले. "सलाईनच्या नळ्या, सुया दिसतात का? दिसत नाहीत. मग लिहायचं नाही. एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या नऊ खऱ्यांचं पाणी होतं." फोटोत जे दिसत होतं ते आलं: प्लास्टिकच्या पिशव्या, जुन्या गाद्या, थर्माकोल, टायरचे तुकडे.

परिणामाच्या रकान्यात दूध आलं. मी दूध संस्थेचं पुस्तक बरोबर नेलं होतं, कशाला नेलं ते मलाच माहीत नव्हतं. खरं तर गाडीच्या डिकीत कायम असतं. शनिवारी दोन्ही वेळचं मिळून ६१ लिटर, मंगळवारी ५२. मी म्हटलं, लिहा, विषारी पाण्यामुळं दूध आटलं. काकांनी लिहिलं: 'दि. २० रोजी ६१ लिटर, दि. २३ रोजी ५२ लिटर. दूध संस्थेच्या पुस्तकाची प्रत सोबत जोडली आहे.' पुढं पूर्णविराम. म्हशींनी वैरण कमी खाल्ली असेल, उन्हानं आटलं असेल, धुरानं आटलं असेल, ते त्यांना ठरवू दे. आकडा आपला, कारण त्यांचं. हे मला पटायला वेळ लागला. आईला तर अजून पटलेलं नाही.

विहिरीचा मुद्दाही तसाच. त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत होतं की भरावभूमी नदीपासून १०० मीटर आणि तळं, हमरस्ता, वस्ती, पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून २०० मीटर लांब पाहिजे. मी दुकानातनंच चुलतभावाला फोन केला, त्यानं टेप लावून मोजलं, १६४ मीटर. मला वाटलं, झालं, मारला डाव. काका म्हणाले, डेपो जुना आहे, नियम नंतरचा, ते लगेच तिथं बोट ठेवतील. म्हणून हा मुद्दा सगळ्यात शेवटी आणि फक्त अंतर म्हणून टाकू. त्यापेक्षा दुसरं टाकू: रोजच्या रोज कचऱ्यावर किमान १० सेंटिमीटर माती किंवा राडारोडा पसरायचा, आणि पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटिमीटरचा थर. हे जुन्या-नव्याचा वाद नसलेलं. 'घटनेच्या दिवशी ढिगावर मातीचा थर दिसून आला नाही, छायाचित्र क्र. ४.' एवढंच.

कलमं त्यांनी दोनच घातली आणि तीही शेवटच्या परिच्छेदात. पाण्यासाठी १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम ३१, हवेसाठी १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याचं कलम २३. अपघातानं घाण ओढ्या-विहिरीत गेली किंवा हवेत मर्यादेबाहेर सुटली, किंवा तशी भीती असली, तर जागेचा ताबा ज्याच्याकडं त्यानं तातडीनं कळवायचं असतं, असं दोन्हींत आहे. मागणी एकच: अशी खबर संबंधितांकडून आली आहे काय, आली नसल्यास स्थळपाहणी करून नमुने घ्यावेत. माझं आंदोलन छेडणं कुठंच बसलं नाही.

आता वहिनींबद्दल. काकांच्या सूनबाई, कॉम्प्युटर आणि स्कॅनर त्यांच्याकडं. मी फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हटलं तर त्या म्हणाल्या, "दादा, फोटो म्हणून नका पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो आणि कुठं, कधी काढला ही आतली नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून गेला की मूळ फाईल तशीच राहते. दुसरं त्यांनी सांगितलं ते माझ्या डोक्यातही आलं नसतं. धुराचा फोटो म्हणजे नुसता धूर, तो कुठलाही असू शकतो. एक फोटो लांबनं असा पाहिजे की त्यात न हलणारं काहीतरी दिसेल. माझ्या एका फोटोत नशिबानं लाईटचा पोल आला होता. त्यांनी तो मोठा केला तर पोलवर रंगानं घातलेला नंबर वाचता येत होता. अर्जात नंबर गेला. धूर हलतो, पोल हलत नाही.

पाण्याची बाटली मात्र फुकट गेली. मी ओढ्यातनं एक लिटरची बाटली भरून नेली होती, झाकणाला चिकटपट्टी लावून. काकांनी ती टेबलावर ठेवूच दिली नाही, वास येत होता. म्हणाले, १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणं नमुना मंडळाच्या माणसानं घ्यायचा, नोटीस देऊन, समोर, सीलबंद, सह्यांसकट. तुमची बाटली कोर्टात उभी राहत नाही. तरी लगेच खासगी लॅबला द्यायची असेल तर बर्फात ठेवून त्याच दिवशी द्या, एप्रिलच्या उन्हात डिकीत ठेवलेलं पाणी आणि ओढ्यातलं पाणी एक राहत नाही. मी घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवायला गेलो तर बायकोनं दह्याच्या पातेल्याशेजारची जागा दाखवली आणि म्हणाली, ठेव, मग दही तूच खा. बाटली उकिरड्यावर गेली. म्हणजे कचऱ्याचं पाणी परत कचऱ्यातच.

आता तक्रारी, कारण पाच स्टार का नाही ते सांगायला पाहिजे.

पहिली: काका जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतात. छापून आलं की सुंदर, अक्षर मोत्यासारखं. पण ऑनलाईन तक्रारीच्या चौकटीत तोच मजकूर चिकटवला की सगळी रोमन अक्षरं आणि कंस, बाराखडीचं कालवण. वहिनींनी अख्खं पान युनिकोडमध्ये परत टाईप केलं. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, पण माझा तास गेला. काकांना याबद्दल काही बोललात तर ते ऐकू न आल्यासारखं करतात.

दुसरी, आणि स्टार हिच्यासाठी कापलाय: डेपोचा गट नंबर चुकला. दोन आकड्यांची अदलाबदल. मी तोंडी सांगितला, काकांनी टाईप केला, मी सही करताना वाचला नाही. चूक निम्मी माझी. पण वारा कुठनं वाहतो हे चारदा विचारणाऱ्या माणसानं सातबारा बघायला मागायला नको? मंडळाचे दोघं जण सोमवारी, २९ तारखेला, पाहणीला आले ते थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला एका द्राक्षाच्या मांडवात. तिथल्या मालकानं मला फोन केला, "तुझे पाहुणे माझ्या रानात कचरा हुडकायल्यात." शेवटी पोलच्या नंबरावरनं ते जाग्यावर आले. वहिनींचे उपकार. दुसऱ्या दिवशी काकांनी शुद्धिपत्र फुकट करून दिलं आणि वर चहा पाजला. माफी मागितली नाही, चहातच ती धरायची.

पाहणी मी जवळनं बघितली. ओढ्यात जिथं पाझर मिळतो त्याच्या वरनं एक आणि खालनं एक असे नमुने. लाख, सुतळी, कागदावर सह्या. ठेकेदाराचा मुकादम सही करताना पेन तीनदा झटकत होता. मी विचारलं, निकाल कधी? त्यातली मॅडम म्हणाली, बीओडीलाच तीन दिवस, २७ अंशावर ठेवावं लागतं. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जीवजंतू किती प्राणवायू ओढतात त्याचं माप. प्रक्रिया करून सोडलेल्या पाझराला त्या नियमांत लिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा होती, तेही ओढ्या-नदीत सोडायचा असला तर. आमच्या ओढ्यातल्या पाण्यावर कुणी प्रक्रिया केली होती म्हणायची तर फक्त बंबानं.

मे महिना मतदानात गेला. जूनमध्ये मी परत दुकानात, आता माहिती अधिकाराला. दोन अर्ज. एक डेपोवाल्या कार्यालयाला: २१ एप्रिलच्या आगीबाबत नमुना ६ भरला असल्यास प्रत द्यावी. दुसरा अग्निशमनवाल्यांना: त्या दिवशीच्या वर्दीची नोंद आणि अहवाल. दोन्हीला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप. आपल्याकडं माहितीचा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो. काका शब्द मोजतात, फूटपट्टीवर बोटं ठेवून. माझा ४३ शब्दांत बसवला. उत्तराला ३० दिवस.

पहिलं उत्तर आलं: 'अशा स्वरूपाचा अपघात घडल्याची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही.' दुसरं उत्तर चार दिवसांनी आलं. वर्दी मिळाल्याची वेळ, गाडी निघाल्याची वेळ, किती फेऱ्या पाणी, परत आल्याची वेळ, सगळं. दोन रुपये पानानं आठ रुपये भरले.

ते दोन्ही कागद मी काकांच्या टेबलावर ठेवले तेव्हा दुकानात गर्दी होती. एक आजी रेशनकार्डाला थांबली होती. काकांनी पहिला कागद वाचला, ओठ हलवत. दुसरा वाचला. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, कडा जुळवल्या, स्टेपलर मारला, आणि आजीला म्हणाले, "आक्का, पाच मिनटं हां, ह्या पावण्याचं आधी करतो." अर्ध्या पानाचा अर्ज झाला. विशेषण एकही नाही. 'सोबत जोडलेल्या पत्र क्र. १ व पत्र क्र. २ मधील विसंगतीकडे लक्ष वेधण्यात येते.' मंडळाचं ऑफिस उद्योग भवनात, दुकानापासून चालत पाच मिनिटांवर. चालत जाऊन दिला. पोच घेतली. आवक क्रमांक आणि शिक्का असल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही, आणि पोच घेतल्याशिवाय चहा प्यायचा नाही, हा काकांचा दंडक. पहिल्या वेळी मी आधी चहा प्यालो होतो तर परत पाठवलं होतं.

पुढं काय झालं? पावसाळ्याच्या तोंडाला ढिगावर मुरूम पडला. चार महिन्यांनी ओढ्याच्या बाजूला चर मारून पाझर खड्ड्यात वळवला. संबंधितांना नोटीस गेल्याचं पत्र मला आलं. डेपो आहे तिथंच आहे, वास अमावास्येला-पौर्णिमेला नाही, रोजच येतो. पुढच्या उन्हाळ्यात एकदा परत धूर निघाला, लहान. या वेळी आबांनी हाक मारायच्या आधी घड्याळ बघितलं. मला म्हणाले, "दोन वाजून दहा. वारा पडलाय. ल्ही."

दर लिहितो, कारण लोक तेच विचारतात. टायपिंग ३० रुपये पान, स्कॅन ५ रुपये, ऑनलाईन फॉर्म ५०. माझं पहिल्या दिवशीचं सगळं मिळून २१५ झालं, त्यात पंधरा रुपये झेरॉक्सचे. यूपीआय चालतं पण स्कॅनरचा कागद वहिनींच्या टेबलाला चिकटवलेला आहे, त्या नसल्या तर काका रोखच घेतात. एकच खुर्ची, दुसरा आला की उभं राहायचं. लाईट गेली की पंखा नाही. दुपारी दीड ते तीन बंद, काका घरी जेवायला जातात आणि त्या वेळी शटर कितीही वाजवा, उपयोग नाही. शनिवारी अर्धा दिवस.

कुणी माझ्यासारखं काम घेऊन जाणार असाल तर नेण्याच्या गोष्टी: फोटो मूळ फोनमध्ये, पुढं पाठवलेले नकोत. दुधाचं पुस्तक, दवाखान्याची चिठ्ठी, असं तारीख असलेलं जे असेल ते. घरातल्या वयस्कर माणसाचा फोन चालू ठेवा, वारा तेच सांगतात. रागाची दोन पानं लिहिली असतील तर तीही न्या, काका त्यातनं वेळा काढून घेतात. आणि सातबारा न्या. काका मागणार नाहीत, तरी न्या. गट नंबर टाईप झाला की फूटपट्टी त्यांच्या हातातनं मागून घ्या आणि एकेक आकडा स्वतः बघा.